हवा तो कॅमेरा परवडत नसेल तेव्हा: बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडे कारवार-हल्याळ, नाहीतर बिदर-भालकी. या पट्ट्यातली जी मुलं-मुली फोटोग्राफीत उतरायला बघतात, त्यांच्या मनात कॅमेरा आधीच ठरलेला असतो. बहुधा तो फुल फ्रेम मिररलेस असतो, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आणि आत आरसा नसलेला. सोनीचा ए७ मार्क ३, कॅननचा आर६ मार्क २, निकॉनचा झेड६ मार्क २ ही नावं सारखी कानावर येतात. नवीन घ्यायचा तर नुसती बॉडीच लाखाच्या पुढे जाते, लेन्स वेगळी. आणि खिशात असतात तीस-चाळीस हजार.

मग तीन वाटा उरतात: कर्ज काढायचं, थांबायचं किंवा स्वस्तातला घ्यायचा. कर्जाबद्दल पुढे लिहितो. थांबण्यात मला तोटाच दिसतो, कारण कॅमेऱ्याविना गेलेल्या वर्षात हात बसत नाही. स्वस्तातला घेणं हीच बहुतेकांसाठी बरोबर वाट आहे, पण एका अटीवर. स्वस्त कॅमेऱ्यात काही ना काही उणं असणारच. त्यातलं कोणतं उणं आपल्याला चालेल, हे दुकानाची पायरी चढण्याआधी तुम्ही ठरवलेलं असलं पाहिजे. ते न ठरवता गेलात तर काउंटरवर जे पडून असेल ते गळ्यात येतं, आणि नेमकं जे काम करायचं होतं तेच त्यात होत नाही.

पायरी १: आधी काम लिहून काढा

येत्या वर्षभरात तुम्ही कशाचे फोटो काढणार ते कागदावर लिहा. ‘सगळ्याचे’ असं लिहू नका. जे खरंच समोर आहे तेवढंच लिहा: घरातली, भावकीतली दोन-चार लग्नं, गावची लक्ष्मी यात्रा, रविवारची भटकंती, स्वतःचं यूट्यूब चॅनल. मग प्रत्येकापुढे कॅमेऱ्याकडून काय लागतं ते लिहायचं.

हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, राजहंसगड, गोकाकचा धबधबा, असे विषय जागचे हलत नाहीत. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ ८ ते एफ ११ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) वर फोटो काढला, तर जुन्या क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) आणि महागड्या फुल फ्रेमचा फोटो घरच्या भिंतीवर लावण्याच्या आकारात शेजारी ठेवून ओळखणं अवघड जातं. या कामाला सगळ्यात स्वस्त बॉडी घ्या आणि वाचलेले पैसे घट्ट उभ्या राहणाऱ्या ट्रायपॉडवर घाला.

पक्ष्यांचं गणित तर स्वस्त कॅमेऱ्याच्याच बाजूचं आहे. दांडेलीला मलबारी कवड्या धनेश टिपायचा म्हणजे लांब पल्ला हवा. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर २५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४०० मिमीएवढी चौकट देते, कारण तिथं १.६ चा गुणक लागतो. निकॉन आणि सोनीला तो १.५ आहे. फुल फ्रेमवर तेवढाच पल्ला हवा तर लेन्स बरीच महाग पडते.

लग्न आणि रात्रीची मिरवणूक ही मात्र खरी कसोटी. बेळगावातली वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. रथ पुढे सरकत असतो, वरचे दिवे रंग बदलत असतात, मावळ्यांच्या वेशातली मुलं क्षणभरही स्थिर नसतात. इथं कमी उजेडाला पुरेल असं काहीतरी लागतंच. ते बॉडीतून आणायचं की लेन्समधून, हा प्रश्न पुढच्या पायरीचा.

व्हिडिओ करायचा असेल तर यादी वेगळीच होते. बाहेरचा माइक लावायची सोय आणि चित्रीकरण चालू असताना चेहऱ्यावर टिकणारा फोकस, या दोन गोष्टी फोटोच्या दर्जापेक्षा आधी बघायच्या.

पायरी २: पैसे बॉडीवर संपवू नका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर पुढचा हिशोब ठेवा.

गोरज मुहूर्ताच्या अक्षता पडताहेत, कार्यालयातल्या ट्यूबलाइटवर काम आहे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. शटर १/१२५ सेकंदावर ठेवला की कॅमेरा आयएसओ ६४०० वगैरे मागतो, आणि नवरीच्या शालूचा रंग दाण्यांत हरवतो. त्याच जागी, त्याच कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ १.८ लावा. ५.६ ला १.८ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करा, ९.७ येतो. म्हणजे जवळजवळ दसपट उजेड आत आला. आता ६४० ते ८०० आयएसओवर काम भागतं. तेच त्याच पिढीच्या क्रॉप सेन्सरऐवजी फुल फ्रेम घेतल्यानं मिळणारा फायदा साधारण एका स्टॉपचा असतो, म्हणजे दुपटीच्या आसपास. दहा हजारांच्या आसपास मिळणारी लेन्स दसपट देते आणि लाखाची बॉडी दुप्पट. नवख्यानं पैसे कुठं घालायचे ते यातून उघड होतं.

अर्थात १.८ ला फोकसची खोली फार कमी मिळते, म्हणजे स्वच्छ दिसणारा पट्टा अगदी अरुंद असतो. नवरा-नवरी मागेपुढे उभे असतील तर एकाचे डोळे स्वच्छ येतील आणि दुसऱ्याचे मऊ. दोघं असले की २.८ ते ३.५ वर या, घोळका असला की ५.६ वर जाऊन फ्लॅश वापरा. शिवाय क्रॉपवर ५० मिमी ही ७५ ते ८० मिमीसारखी वागते. खेड्यातल्या घराच्या सोप्यात हळद चालू असेल तर मागे सरकायला जागाच राहत नाही, पाठ भिंतीला लागते. अशा कामाला निकॉनवाल्यांनी ३५ मिमी एफ १.८ डीएक्स घ्यावी, कॅननवाल्यांनी २४ मिमी एफ २.८ एसटीएम. दोन्ही लहान, हलक्या, आणि सेकंडमध्ये सहज मिळण्यातल्या आहेत.

चाळीस हजार असतील तर मी असे वाटेन: बॉडीला वीसच्या आसपास, एका चांगल्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सला आठ-दहा, फ्लॅशला पाच-सहा, उरलेल्यात दोन मेमरी कार्डं, एक जादा बॅटरी आणि हवाबंद डबा. १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ ची दोन बरी, एक बिघडलं तरी सगळं लग्न जात नाही. कार्ड मात्र पक्क्या बिलासह चांगल्या दुकानातूनच घ्या. नकली कार्डं हुबेहूब दिसतात आणि भरत आली की फाइली खातात.

फ्लॅशबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडच्या मांडवांत तो निराळा वागतो. फ्लॅश सरळ तोंडावर मारू नका, वर पांढऱ्या छताकडे वळवा, उजेड मऊ होऊन खाली येतो. पण गावात दारात घातलेल्या मांडवाचं कापड गुलाबी, केशरी, पिवळं असतं. तिथं छतावर मारलेला उजेड तोच रंग घेऊन खाली उतरतो आणि सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे गुलाबी होतात. अशा वेळी फ्लॅशच्या डोक्याला पांढऱ्या जाड कागदाची पट्टी रबरानं बांधा आणि डोकं तिरकं ठेवा. अर्धा उजेड पट्टीवरून पुढे येतो, रंग बराच ताळ्यावर राहतो. रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) फोटो काढलेले असतील तर उरलेलं घरी दुरुस्त होतं.

पायरी ३: बॉडी निवडताना

कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणलेला नाही. सगळं लक्ष मिररलेसकडे गेलं आणि स्टुडिओवाल्यांनी जुन्या बॉडी विकायला काढल्या. तुमचा फायदा इथंच आहे. एके काळी ज्यावर मोठमोठी लग्नं झाली ते कॅमेरे आज विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलेत. शिवाय त्यांच्या लेन्स वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेस आर बॉडीवर फोकससकट चालतात, निकॉनच्या एएफ-एस (आत फोकसची मोटर असलेल्या) लेन्स एफटीझेड अडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेस झेड बॉडीवर चालतात.

लग्नाची कामं धरायची असतील तर माझी पहिली पसंती निकॉन डी७२०० (२०१५), तो नाही मिळाला तर डी७१०० (२०१३). कारण एकच, दोन कार्डांच्या खोबणी. एकाच फोटोच्या दोन प्रती दोन कार्डांवर जातात. अक्षता परत पाडता येत नाहीत, त्यामुळे पैसे घेऊन काम करणाऱ्यानं एकाच कार्डाचं उणं चालवून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. या दोन्ही बॉडींत फोकसची मोटरही असते, म्हणून जुन्या, स्वस्त एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेल्या) लेन्ससुद्धा फोकस करतात. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये ती मोटर नाही. ‘निकॉनची ५० मिमी स्वस्तात आहे’ म्हणून एएफ-डी उचलली, तर या बॉडींवर फोकस हातानं फिरवत बसावं लागतं. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय का बघायचं. एएफ-पी काही जुन्या बॉडींवर चालत नाही, तेव्हा लावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

व्हिडिओ आणि फोटो दोन्ही करायचं असेल तर कॅनन ८०डी (२०१६) किंवा ७०डी (२०१३). दोन्हींत माइक लावता येतो आणि व्हिडिओतला फोकस झुळझुळीत चालतो. कार्ड मात्र एकच. नुसता व्हिडिओच करायचा तर सोनीचा झेडव्ही-ई१० (२०२१) बघा. त्याला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही आणि बॉडीत स्थिरीकरण नाही, हे धरून चाला.

भटकंती, मंदिरं, घरचे फोटो एवढंच असेल तर निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी पुरे. दोन्ही २०१८ चे आणि २४ मेगापिक्सेलचे. पण दोन्हींना माइकची खोबण नाही, आणि स्क्रीनवर बघून फोकस करताना ते चाचपडतात. यावर यूट्यूब करायचं म्हणत असाल तर तुमच्या हातातला मोबाइलच बरा.

कॅनन २००डी मार्क २ इथं खूप विकला गेलाय, सेकंडमध्येही भरपूर आहे. चांगला कॅमेरा आहे, पण दोन गोष्टी बघून घ्या. त्यात ४के व्हिडिओ आहे, तो चालू केला की चित्र आणखी कापलं जातं आणि फोकस मंदावतो. दुसरी जास्त महत्त्वाची: त्याच्या हॉट शूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिन नाही. गोडॉक्स टीटी६०० सारखा साधा मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडतच नाही, कॅननची भाषा समजणारा टीटीएल फ्लॅश घ्यावा लागतो आणि बजेट तिथं वाढतं. कोणतीही स्वस्त कॅनन बॉडी घेताना हॉट शूच्या मधोमध धातूची टिकली आहे का, हे बोटानं चाचपून बघा.

एक संवाद मला वारंवार करावा लागतो.

“काका, जुना असला तरी चालंल, पण फुल फ्रेमच पाहिजे बघा.”

“घे की. कॅननचा ६डी घे, २०१२ चा. त्यावर लावायला लेन्स कोणती आहे?”

“घरात १८-५५ पडल्याय.”

“ती त्यावर बसतच नाही.”

ती १८-५५ ईएफ-एस जातीची, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठी केलेली, आणि ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. म्हणजे बॉडी स्वस्तात मिळाली तरी लेन्स पहिल्यापासून घ्यायच्या. ६डी चा फोकस ११ बिंदूंचा, त्यातला मधला तेवढा भरवशाचा, आणि कार्ड एक. मधल्याच बिंदूवर फोकस करून चौकट हलवायची सवय असेल तर कमी उजेडात तो आजही सुंदर काम देतो. ती सवय नसलेल्या नवख्याला मी तो देणार नाही.

पायरी ४: सेकंडमधला कॅमेरा हातात घेऊन तपासणं

लग्नसराई संपून पावसाळा तोंडावर आला की स्टुडिओवाले सामान बदलतात. त्या दिवसांत ओळखीच्या फोटोग्राफरांना विचारून ठेवा, खडेबाजार, गणपत गल्लीच्या बाजूला चक्कर मारा. कोल्हापूर, हुबळी दोन्ही दोन-अडीच तासांवर आहेत, एक दिवस मोडून जाऊन येता येतं. मुंबईला कुणी जाणार असेल तर सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात पर्याय पुष्कळ. मात्र कुरिअरनं मागवू नका. वस्तू हातात घेऊन किमान अर्धा तास तपासता आली पाहिजे.

जाताना स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड, टॉर्चचा मोबाइल आणि वर्तमानपत्राचं एक पान घेऊन जा.

सुरुवात लेन्सपासून करा, कारण आपल्या हवेत बिघडते ती आधी लेन्स. दोन्ही टोप्या काढा. लेन्स बॉडीवरून उतरवून एका टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसऱ्या टोकानं तिरकं बघा. समोरून सरळ बघितलं तर काहीच दिसत नाही. लेन्स हळूहळू फिरवत, नजर काचेवरून घसरत गेली पाहिजे. धुळीचे दोन-चार कण दिसतील, त्यांनी फोटोवर काही फरक पडत नाही. पण काचेच्या कडेपासून आत पसरणारे बारीक, फांद्या फुटलेले पांढरे धागे दिसले की ती बुरशी. सगळी काच दुधासारखी धुरकट दिसली तर ते धुकं. दोन्हींपैकी एक जरी असलं तरी ती लेन्स कितीही स्वस्त असू दे, परत ठेवून द्या. बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लं की साफ केल्यावरही डाग राहतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, किंवा कारवारच्या खाऱ्या दमट हवेत चामडी पिशवीत पडून राहिलेल्या लेन्समध्ये हे हमखास सापडतं.

मग झूम पुढे-मागे फिरवा, कुठं अडकतंय का, वाळू घासल्यासारखा आवाज येतोय का. फोकसची मोटर ऐका. स्थिरीकरण असेल तर ते चालू-बंद करून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबतंय का बघा.

आता बॉडी. आपलं कार्ड घाला, छिद्र एफ १६ ला ठेवा आणि बाहेर येऊन मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवा. काळसर गोल ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते, भाव पाडायला कामाला येते. ओरखड्यासारखी रेघ दिसली तर घेऊ नका. नंतर टोपी लावून काही सेकंदांचा अंधारातला फोटो काढा. लाल-निळे-पांढरे चमकते ठिपके दोन-चार असले तर ठीक, चांदण्यासारखे पसरले असतील तर सोडा.

शटर तपासायला बॉडीचा जो सगळ्यात वेगवान शटर असेल, १/४००० किंवा १/८०००, त्यावर पांढऱ्या भिंतीचे आठ-दहा फोटो काढा. एखाद्यात एका बाजूला काळपट पट्टा आला तर पडदा थकलाय. कॅननवर ‘एरर’ असे शब्द स्क्रीनवर एकदा जरी आले तरी पुढे बोलणी नकोत.

शटर काउंट म्हणजे आजवर किती क्लिक झालेत. निकॉनच्या जेपेग फोटोतच तो आकडा साठवलेला असतो, शेवटचा फोटो संगणकावर उघडून मोफत साधनांनी वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये तो फोटोत नसतो, केबलनं जोडून सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. कंपनीनं डी७२०० ला १,५०,००० क्लिकचा अंदाज दिलाय, ८०डी ला १,००,०००. तो आकडा उलटल्यावर शटर लगेच मरतो असं नाही, पण तेवढी घासाघीस भावात झाली पाहिजे. लग्नाच्या कॅमेऱ्यावर क्लिक जास्त असणारच, त्याचं भय नको. क्लिक कमी पण रबर चिकट, खोबणी हिरवट, असा कॅमेरा जास्त धोक्याचा. तो न वापरता दमट खोलीत पडून होता.

फोकससाठी वर्तमानपत्राचं पान टेबलावर पसरा, तिरक्या कोनातून मधल्या एका ओळीवर फोकस करा, छिद्र पूर्ण उघडं. फोटोत ती ओळ सोडून तिच्या पुढची किंवा मागची ओळ जास्त धारदार आली तर फोकस सरकलेला आहे. डी७२००, ८०डी अशा बॉडींत तो मेनूमधून जुळवता येतो, खालच्या मॉडेलमध्ये नाही.

शेवटी सगळी बटणं, दोन्ही चक्र्या, उडणारा फ्लॅश, बॅटरीचं दार, कार्डाच्या खोबणीतल्या पिना. चार्जर मूळचा आहे का तेही बघा.

पायरी ५: पैसे देताना

बिल आणि बॉडीखालचा सीरियल नंबर जुळला पाहिजे. मूळ बिल हरवलं म्हणत असतील तर किमान विकणाऱ्याच्या सहीचा कागद आणि ओळखपत्राची प्रत घ्या. चोरीचा माल असला तर पोलीस तुमच्याच दारात येतात.

नवीन घेताना ‘जीएसटी बिल नको, एवढे कमी करतो’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीला २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेवढे वाचवायला गेलात तर कंपनीची वॉरंटी मागायला हातात कागद राहत नाही. वॉरंटी भारतातली आहे का हेही विचारा, कारण बाहेरून आणलेल्या मालाला इथलं सेवा केंद्र हात लावेलच असं नाही. बॉडी निवडण्याआधी त्या कंपनीचं सेवा केंद्र आपल्याला कुठलं जवळ पडतं ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून ठेवा. दुरुस्तीला बेंगळूरला पाठवावं लागणं आणि हुबळीत काम होणं यात फार फरक आहे.

ऑनलाइन जाहिरातीत एक फसवणूक ठरलेली आहे, आणि आपल्या गावात ती जास्त पटते. विकणारा सांगतो, मी लष्करात आहे, बदली झाली, कॅमेरा घाईत काढतोय. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, कॅम्प भाग, लष्करी माणसं रोज दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतात, मग थोडे आगाऊ पैसे मागतात किंवा क्यूआर कोड पाठवतात. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे खात्यातून जातात, येत कधीच नाहीत. कॅमेरा हातात घेतल्याशिवाय रुपया देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आता कर्ज. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजावरचा जीएसटी बहुधा बँक तुमच्याकडूनच घेते, वर प्रोसेसिंग फी. शिवाय एकरकमी घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. हातात ऑर्डर ठरलेल्या आहेत, आगाऊ रक्कम आली आहे, तर हप्ता काढणं समजू शकतो. पण ‘मोठा कॅमेरा दिसला की ऑर्डर येतील’ या भरवशावर हप्ता घेऊ नका. आपल्याकडे लग्नाची कामं तिथीवर असतात. पावसाळ्यात आणि पितृपक्षात काम नसतं, हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो.

पायरी ६: पाऊस आणि भंडारा

स्वस्त बॉडीत पाणी-धूळ अडवणारी सीलबंदी बहुधा नसते. हे उणं चालवून घ्यायचं ठरवलं असेल तर त्याची तजवीज घरातच करा.

जून ते सप्टेंबर कॅमेरा पिशवीत ठेवायचाच नाही. झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. ६० च्या वर सतत राहिला की बुरशीला वाट मिळते. निळे दाणे ओलावा पिऊन गुलाबी होतात, मंद आचेवर तापवले की परत निळे. त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, ते दाणे पोटात जायच्या लायकीचे नाहीत. तांदळात कॅमेरा पुरून ठेवायचा सल्ला अजून ऐकायला मिळतो. तांदळाचा भुगा लेन्सच्या फटींत जातो, ओलावा काही फारसा ओढला जात नाही. बाहेर भिजून आलात तर आधी मऊ कापडानं पुसा, पंख्याखाली सुकू द्या, मगच डब्यात.

लक्ष्मी यात्रेत भंडाऱ्याची उधळण बघण्यासारखी असते, फोटोही विलक्षण मिळतात. रथ ओढला जातो तेव्हा माणसं, झेंडे, आभाळ सगळं पिवळं होतं. ती हळदीची भुकटी इतकी बारीक असते की झूमच्या नळीतून आत शिरते आणि पुढच्या वेळी झूम फिरवला की कुरकुरते. म्हणून अशा ठिकाणी प्राइम लेन्स लावून जा, पुढे साधा यूव्ही फिल्टर, आणि बॉडी-लेन्सवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून लेन्सच्या टोकाला रबरबँड. गर्दीत लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर भुकटी ओल्या कापडानं पुसू नका, हळद भिजली की डाग धरते. आधी हवेच्या फुग्यानं उडवा, मग कोरड्या ब्रशनं झाडा.

पायरी ७: हव्या त्या कॅमेऱ्याकडे

तो मनातून काढून टाका असं मी सांगणार नाही. उलट, एका कामासाठी तो भाड्यानं घ्या. स्टुडिओवाले एकमेकांना बॉडी-लेन्स भाड्यानं देत असतात, ओळख आणि अनामत दिली की मिळते. तुमचा स्वस्त कॅमेरा आणि तो, दोन्ही घेऊन एकाच लग्नात उभे राहा. रात्री फोटो शेजारी शेजारी उघडा. कुठं फरक दिसला ते लिहून ठेवा: अंधारात, फोकसमध्ये, रंगांत, की कुठंच नाही. पुढची खरेदी त्या कागदावरून करायची.

आणि बदलायची वेळ आली की आधी बॉडी विका, लेन्स ठेवा. बॉडीचा भाव दर वर्षी उतरतो, चांगली प्राइम तेवढी उतरत नाही. कॅननचं असेल तर ईएफ लेन्स अडॅप्टरवर नव्या बॉडीला लावून महिनाभर काम चालवा, मग ठरवा नवी लेन्स लागते का. विकताना खोका, बिल, मूळ चार्जर, पट्टा सगळं एकत्र द्या, शटर काउंट स्वतःहून सांगा, तुमचे खाजगी फोटो असलेलं कार्ड काढून घ्या आणि मेनूमधून कॅमेरा फॅक्टरी सेटिंगवर आणून मगच हातात ठेवा. समोरचाही तुमच्यासारखाच नवखा असेल, तर त्याला लेन्सला टॉर्च कसा लावायचा ते दाखवून द्या.